शिंपल्यातील भोक आणि ते पाडणारी गोगलगाय : सामान्य विज्ञानाचा एक पाठ

(इयत्ता पाचवी ते सातवीसाठी)

सामान्य विज्ञानाचे शिक्षण परिसरापासून सुरू करावे, हे तत्त्व आता सर्व शिक्षकबंधुभगिनींच्या परिचयाचे झाले आहे. शेत, विहीर, ओढा, गोठा, कुंपणावरील वेल यांतून पाठाची सामग्री विनामूल्य मिळते आणि मुलांच्या डोळ्यांसमोर असलेल्या वस्तूवर पाठ उभारला म्हणजे तो मनात टिकतो. परंतु या तत्त्वाचा एक विपरीत अर्थही पुष्कळदा घेतला जातो. जे गावात दिसत नाही ते शिकवण्यासारखे नाही, आणि शिकवणे भागच पडले तर पुस्तकातील चार वाक्ये पाठ करून घ्यावी, एवढ्यावर काम भागवले जाते. समुद्र हा असा दुर्दैवी विषय आहे. खानदेशातील मुलगा समुद्राचे पाणी खारट असते हे लिहून पूर्ण गुण मिळवतो. परंतु समुद्रातील एकाही प्राण्याविषयी विचार करण्याची संधी त्याला मिळत नाही.

जामनेर तालुक्यातील पहूर येथून समुद्रकिनारा सरळ रेषेत मोजला तरी ३०० किलोमीटरांहून दूर आहे. तरीही पहूरच्या शाळेत समुद्रातील एका शिकारी प्राण्याचा पाठ प्रत्यक्ष वस्तू हातात देऊन घेता येतो. त्यासाठी लागते ते एक भोक पडलेले शिंपले. हे भोक कोणी पाडले, एवढाच प्रश्न या पाठात सोडवावयाचा आहे. प्रश्न लहान आहे. पण तो सोडवताना मुलांना निरीक्षण, तुलना, अनुमान आणि पडताळा या चारही पायऱ्या चढाव्या लागतात. विज्ञान शिकवण्याचा खरा हेतू याहून निराळा नाही.

१. साहित्य

पाठापूर्वी पुढील साहित्य जमवावे. वाघूर नदीच्या डोहातील दोनतीन जिवंत गोगलगायी, काचेच्या बरणीत पाण्यासह. पोळ्याला बैलाच्या गळ्यात घालतात त्या माळेतील दोन कवड्या. समुद्रावरील जमतील तेवढी शिंपले. एक भिंग, एक कानशी, एक जाड सुई, मेणबत्ती, दोन लिंबे आणि कोंबडीच्या अंड्याची टरफले.

यांपैकी समुद्रावरील शिंपलेच तेवढी गावात मिळत नाहीत, असे प्रथम वाटेल. परंतु वर्गात विचारणा केल्यास अनुभव निराळा येईल. गणपतीपुळे, हरिहरेश्वर, अलिबाग, द्वारका किंवा रामेश्वर येथे जाऊन आलेले एखादे तरी कुटुंब गावात असते आणि त्यांच्या घरी फडताळात मूठभर शिंपले पडलेली असतात. तेही न जमल्यास रायगड, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एखाद्या किनाऱ्यावरील शाळेला मुलांकडून पत्र लिहून घ्यावे. 'आम्हांस भोक असलेली व नसलेली रिकामी शिंपले पाठवा. आम्ही तुम्हांस कपाशीची बोंडे व नदीतील गारगोट्या पाठवतो', असा मजकूर पुरे आहे. यात भाषेच्या तासाचे पत्रलेखनही आपोआप साधते.

गोगलगायी नदीतून आणताना एक काळजी घ्यावी. गोड्या पाण्यातील काही गोगलगायींच्या शरीरात गुरांच्या यकृताला जडणाऱ्या कृमींची वाढ होते. म्हणून त्या हाताळल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत आणि पाठ संपल्यावर त्या जेथून आणल्या तेथेच सोडाव्यात.

२. पूर्वज्ञान

आरंभ मुलांच्या तोंडी असलेल्या म्हणीपासून करावा. 'गोगलगाय नि पोटात पाय' ही म्हण प्रत्येक मुलाला ठाऊक असते. ती कोणाला उद्देशून वापरतात, असे विचारावे. वरून गरीब दिसणाऱ्या आणि आतून कावेबाज असणाऱ्या माणसाला, असे उत्तर येईल. मग बरणीतील गोगलगाय दाखवावी. काचेवर चिकटून चालणारी तिची रुंद, मांसल बाजू बाहेरून स्पष्ट दिसते. तोच तिचा पाय. पोटाच्या खाली सबंध पायच पसरलेला असल्यामुळे प्राणिशास्त्रज्ञांनी या वर्गाला 'उदरपाद' म्हणजे पोट हेच पाय असलेले प्राणी असे नाव दिले. आपल्या आजीच्या म्हणीत आणि शास्त्रज्ञांच्या नावात एकच निरीक्षण आहे, हे ऐकून मुलांना मौज वाटते.

बरणीच्या काचेवर शेवाळ धरलेले असेल तर भिंगातून गोगलगायीच्या तोंडाची हालचाल पाहावी. तोंड उघडते, आतून काहीतरी पुढे येऊन काच खरवडते आणि पुन्हा आत जाते. ही तिची जीभ होय. या जिभेवर सूक्ष्म दातांच्या रांगा असतात. ती लोहाराच्या कानशीसारखी खरखरीत असते. शास्त्रीय ग्रंथांत तिला रॅड्युला म्हणतात. दात झिजले की मागून नवे दात पुढे सरकतात. या वेळी खरी कानशी मुलांच्या हाती द्यावी व तिच्यावरून बोट फिरवावयास सांगावे. पुढील सर्व पाठ या कानशीवर अवलंबून आहे.

नदीतील गोगलगाय या कानशीने शेवाळ खरवडून खाते. यावरून मुले 'गोगलगाय शाकाहारी असते' असा निष्कर्ष काढतील. तो तूर्त तसाच राहू द्यावा. पाठाच्या ओघात तो मुलांनीच दुरुस्त करावयाचा आहे.

३. हेतुकथन

आता भोक असलेले एक शिंपले मुलांच्या हाती फिरवावे आणि 'हे भोक कोणी पाडले असेल?' एवढेच विचारावे. उत्तरे साधारणपणे अशी येतात : 'माळ ओवण्यासाठी माणसाने पाडले.' 'लाटांनी दगडावर आपटून पडले.' 'ते जन्मतःच असते, गुरुजी. त्यातून तो जीव श्वास घेतो.' 'किड्याने पोखरले.'

ही सर्व उत्तरे फलकावर लिहावीत. कोणतेही पुसू नये, कोणत्याही उत्तराला हसू नये. या घटकेला शिक्षकाच्या संयमाची परीक्षा असते. उत्तर सांगून टाकण्याचा मोह आवरला नाही, तर पाठ तेथेच संपतो आणि मुले एक वाक्य लिहून घेऊन घरी जातात. 'आपण पाहून ठरवू' असे म्हणून पुढे जावे.

४. भोकांची तपासणी

फलकावरील प्रत्येक उत्तर एकेक करून पारखावे.

माणसाने पाडलेले भोक ओळखण्यासाठी कवडी हाती घ्यावी. बैलाच्या माळेतील कवडीची फुगीर पाठ घासून काढलेली असते आणि त्यातून दोरा ओवलेला असतो. घासल्याच्या सपाट खुणा दिसतात. यात्रेच्या ठिकाणी विकत मिळणाऱ्या माळांतील शिंपल्यांना यंत्राने भोक पाडलेले असते; ते आरपार सरळ असते आणि त्याच्या कडेचे टवके उडालेले असतात. मणी ओवण्याची ही कला खानदेशाला फार जुनी आहे. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी १९७२-७३ मध्ये उत्खनन केले, तेव्हा शहामृगाच्या अंड्याच्या कवचापासून केलेले मणी मिळाले. ते सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे आहेत. त्या काळी आपल्या प्रदेशात शहामृग वावरत होते आणि येथील माणूस कठीण कवचाला भोक पाडण्यात कुशल होता.

लाटांनी पडलेले भोक निराळे असते. शिंपल्याचा सर्वांत उंच भाग म्हणजे बिजागरीजवळचा उंचवटा; वाळूवर घासून तोच प्रथम झिजतो. अशा भोकाला ठराविक आकार नसतो, त्याच्या भोवतालचा भागही गुळगुळीत आणि पातळ झालेला असतो.

काही शिंपले चाळणीसारखी अनेक बारीक भोकांनी भरलेली असतात. हे काम कवच पोखरून त्यात घर करणाऱ्या स्पंजांचे असते. त्यांना शिंपल्याचे मांस नको असते; केवळ आसरा हवा असतो.

आता मूळ शिंपल्याकडे वळावे. भिंगातून पाहिल्यास त्यातील भोक जवळजवळ पूर्ण गोल दिसते. ते बाहेरच्या बाजूस रुंद आणि आतल्या बाजूस अरुंद असते. कडा उतरती, वाडग्यासारखी. स्क्रूचे डोके लाकडात बसावे म्हणून सुतार भोकाचे तोंड जसे रुंद करून घेतो, तसा हा आकार होय. शिंपल्यावर सहसा असे एकच भोक असते. पुष्कळ शिंपले जमली असतील तर ती शेजारी शेजारी मांडावीत. एका जातीच्या शिंपल्यांवर भोक बहुधा ठराविक भागातच आढळते.

येथे मुलांना अनुमान करण्यास वेळ द्यावा. लाटेला गोल भोक पाडता येत नाही. किडा एकच भोक नेमक्या जागी पाडील कशाला? जन्मतः असते म्हणावे तर सर्वच शिंपल्यांना का नाही? रुंद तोंडाचे भोक बाहेरून आत पडत गेले असले पाहिजे. म्हणजे ते पाडणारा बाहेर होता आणि त्याला आतले काही हवे होते. एवढे मुलांकडून आले म्हणजे निम्मा पाठ झाला. गुन्हेगाराचे नाव सांगण्याची वेळ आता आली.

५. विषयविवेचन : शिकारी गोगलगाय

समुद्रकिनाऱ्यावरील ओल्या वाळूत आणि चिखलमिश्रित वाळूत नॅटिका नावाच्या गोगलगायी राहतात. भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवर आढळणारी त्यांतील एक जात म्हणजे नॅटिका टायग्रिना. बोल्टेन यांच्या हँबुर्ग येथील संग्रहाची सूची करताना रोडिंग यांनी १७९८ साली तिला हे जातिनाम दिले. टायग्रिना म्हणजे वाघासारखी. अलीकडच्या ग्रंथांत तिचे कुलनाम बदललेले आढळते. जातिनाम मात्र तेच आहे. तिचा शंख दोनतीन सेंटिमीटरांचा, गोलसर आणि गुळगुळीत असतो. फिकट पांढऱ्या रंगावर तपकिरी ठिपक्यांच्या ओळी असतात. बोराएवढा हा प्राणी वाघाचे नाव कसे मिरवतो, हे त्याची शिकार पाहिल्यावर कळते.

नॅटिकेचा पाय तिच्या शंखाच्या मानाने फार मोठा असतो. त्याचा पुढचा भाग नांगराच्या फाळासारखा असून तो डोक्यावर झाकण घालतो. त्यामुळे वाळू डोक्यात न शिरता ती वाळूच्या खाली पुढे सरकते. वाळूखाली डोळ्यांचा उपयोग नाही; भक्ष्याचा माग ती वासाने काढते. तिचे भक्ष्य म्हणजे वाळूत रुतून बसलेले शिंपले. कोकणात ज्यांना तिसऱ्या म्हणतात आणि खाड्यांतून ज्या गोळा करून बाजारात विकतात, तशाच प्रकारचे हे प्राणी होत. लहान गोगलगायीही ती खाते. प्रसंगी आपल्याच जातभाईंना सोडत नाही.

भक्ष्य सापडले की ती त्याला आपल्या मोठ्या पायात कवळते, चिकट द्रवाने माखते आणि हवे त्या बाजूस फिरवून घेते. शिंपल्याने दोन्ही झडपा घट्ट मिटून घेतलेल्या असतात. हे त्याचे संरक्षण. कावळ्याला किंवा लहान माशाला ते पुरते. नॅटिका झडपा उघडण्याच्या खटपटीत पडत नाही. ती भिंतीलाच भोक पाडते.

भोक पाडण्याची रीत दुहेरी आहे. तिच्या सोंडेच्या टोकाशी एक लहान मऊ गादीसारखा अवयव असतो. तो ती कवचावर दाबून धरते. त्यातून पाझरणाऱ्या आम्लयुक्त द्रवाने कवचातील चुना मऊ पडतो. मग गादी बाजूस घेऊन ती कानशीसारख्या जिभेने मऊ झालेला थर खरवडून काढते. पुन्हा गादी, पुन्हा कानशी. हे भोक केवळ घासून पडते की केवळ आम्लाने, याविषयी शास्त्रज्ञांत दीर्घकाळ मतभेद होता. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ मेलबर्न कॅरिकर यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भोक पाडणाऱ्या गोगलगायींचा बारकाईने अभ्यास केला आणि ही दोन्ही कामे आळीपाळीने चालतात हे दाखवून दिले.

हे काम अतिशय सावकाश चालते. नॅटिकेच्या अमेरिकेतील एका भाऊबंदावर केलेल्या प्रयोगात भोकाची खोली ताशी सुमारे ०.०२ मिलिमीटर वाढत असल्याचे आढळले. म्हणजे १ मिलिमीटर जाडीचे कवच भेदण्यास सुमारे ५० तास, दोन दिवसांहून अधिक लागतात. भोक आरपार झाले की ती सोंड आत घालते आणि त्याच जिभेने मांस खरवडून खाते. शेवटी दोन रिकाम्या झडपा उरतात. लाटा त्यांना किनाऱ्यावर आणून टाकतात.

ओहोटीच्या वेळी पाणी ओसरल्यावर ही शिकार थांबते, अशी समजूत होती. ओडिशातील चांदीपूरच्या किनाऱ्यावर समुद्र ओहोटीला काही किलोमीटर मागे हटतो. तेथे भारतीय संशोधकांनी केलेला आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास असे दाखवतो की नॅटिका टायग्रिना उघड्या पडलेल्या ओल्या वाळूतही भक्ष्य धरून भोक पाडत असते. ठरलेली समजूत निरीक्षणाने कशी बदलते, याचे हे ताजे उदाहरण मुलांना अवश्य सांगावे.

आता आरंभी फलकावर लिहिलेल्या 'गोगलगाय शाकाहारी असते' या वाक्याकडे मुलांचे लक्ष वेधावे. नदीतील गोगलगायीची जीभ आणि नॅटिकेची जीभ एकाच घडणीची आहे. एकीने तिचा उपयोग शेवाळ खरवडण्यासाठी केला, दुसरीने घर फोडण्यासाठी. अवयव सारखे असूनही जीवनक्रम निराळा असू शकतो, हा या पाठातील मध्यवर्ती विचार होय.

६. अपुरे भोक

जमलेल्या शिंपल्यांत एखादे अर्धवट भोक असलेले शिंपले मिळाले तर ते विशेष जपून ठेवावे. अशा वाडग्यासारख्या खळग्याच्या तळाशी मधोमध एक लहान उंचवटा दिसतो. नॅटिकेचे काम मध्येच थांबले, याची ही खूण आहे. भरतीची लाट आली असेल, खेकड्याने नॅटिकेवरच झडप घातली असेल, किंवा अन्य काही घडले असेल. कारण सांगता येत नाही, परंतु या ठिकाणी भोक पूर्ण झाले नाही एवढे निश्चित सांगता येते. काय निश्चित सांगता येते आणि काय सांगता येत नाही, यांतील सीमारेषा मुलांना दाखवण्यास यापेक्षा चांगली वस्तू मिळणार नाही.

७. प्रयोग

नॅटिकेची रीत वर्गात करून पाहता येते. अंड्याचे टरफल व शिंपल्याचे कवच ही दोन्ही मुख्यतः एकाच पदार्थाची, कॅल्शियम कार्बोनेटाची, बनलेली असतात. टरफलाच्या मोठ्या तुकड्यावर वितळलेल्या मेणाचा पातळ थर द्यावा. थर गार झाल्यावर सुईने ज्वारीच्या दाण्याएवढी जागा उघडी करावी. त्या जागी लिंबाच्या रसाचा थेंब ठेवावा. बारीक बुडबुडे येतात. हा कार्बन डायॉक्साइड वायू होय. काही वेळाने थेंब टिपून घ्यावा आणि सुईने ती जागा हलकेच खरवडावी. भुगा निघतो. पुन्हा थेंब, पुन्हा खरवडणे. दोन गट करून एका गटाला केवळ सुई आणि दुसऱ्या गटाला सुई व लिंबू दोन्ही द्यावे. कोणाचे काम लवकर होते, हे मुलांनी स्वतः नोंदवावे. मेण वितळवण्याचे काम मात्र शिक्षकाने स्वतः करावे.

८. गणिताशी सांगड

शिंपल्यांचा संग्रह पुरेसा मोठा असेल तर शेकडेवारीचा एक उपयुक्त प्रश्न तयार होतो. समजा, वर्गात एका जातीच्या ६० झडपा जमल्या आणि त्यांपैकी ९ झडपांना नॅटिकेचे भोक आहे. शेकडा किती प्राणी नॅटिकेने खाल्ले? बहुतेक मुले ९ भागिले ६० करून शेकडा १५ असे उत्तर देतील. हिशेब बरोबर आहे, उत्तर चूक आहे. प्रत्येक प्राण्याला दोन झडपा असतात आणि मरण्यास एकाच झडपेतील भोक पुरते. ६० झडपा म्हणजे ३० प्राणी. म्हणून ९ भागिले ३०, म्हणजे शेकडा ३०. गणितात आकडे कशाचे आहेत हे पाहिल्याखेरीज भागाकारास हात घालू नये, हा धडा या एका उदाहरणाने पक्का होतो. भूस्तरशास्त्रज्ञ लक्षावधी वर्षांपूर्वीच्या शिंपल्यांची मोजणी करतात, तेव्हा त्यांनाही ही दक्षता घ्यावी लागते.

९. नॅटिकेचे आप्त

वेळ असल्यास पुढील तीन प्राण्यांचा थोडक्यात परिचय करून द्यावा.

खडकावर चिकटलेल्या कालवांना भोक पाडणाऱ्या गोगलगायींचे कूळ निराळे आहे. त्यांनी पाडलेल्या भोकाच्या बाजू बहुधा सरळ असतात, नॅटिकेच्या भोकासारख्या उतरत्या नसतात. त्यामुळे भोकावरून शिकारी ओळखता येतो.

देवळात व देवघरात असणारा शंख हाही एका मोठ्या समुद्र-गोगलगायीचे घर होय. ही गोगलगाय वाळूतील कृमी खाऊन जगते. मन्नारच्या व कच्छच्या आखातांत ती सापडते. जेम्स हॉर्नेल यांनी १९१४ साली या शंखावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आपण ज्याचा नाद ऐकतो, तोही एका मांसाहारी प्राण्याचा अवशेष आहे.

तिसरा प्राणी कोनस. याचा शंख शंकूसारखा, सुंदर नक्षीचा असतो. याची जीभ कानशीसारखी राहिलेली नाही. तिचा प्रत्येक दात पोकळ, विषारी बाण झालेला आहे. काही जातींच्या दंशाने माणसे दगावली आहेत. सहलीच्या वेळी समुद्रावर असा जिवंत शंख दिसल्यास मुलांनी त्याला हात लावता कामा नये. या विषावर फिलिपाईन्सचे शास्त्रज्ञ बाल्डोमेरो ऑलिव्हेरा यांनी अमेरिकेतील युटा विद्यापीठात दीर्घकाळ संशोधन केले. कोनसच्या एका जातीच्या विषातील घटकावरून तीव्र वेदनांवरील झिकोनोटाइड हे औषध तयार झाले. त्याला अमेरिकेत २००४ साली मान्यता मिळाली.

१०. खानदेश आणि समुद्र

'आपल्याला त्या समुद्राचे काय?' असा प्रश्न एखादा चौकस मुलगा विचारील. त्याचे उत्तर नकाशावर द्यावे. अजिंठ्याच्या डोंगरातून निघालेली वाघूर पहूरवरून वाहत जाऊन तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्रात शिरते. पहूरच्या शेतातून वाहून गेलेली माती आणि नदीत टाकलेला कचरा यांची वाट त्याच वाळूकडे जाते. दुसरे असे की, सातपुडा व नर्मदा ओलांडून गेल्यावर मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात बाघ येथे खडकांत सागरी शिंपल्यांचे जीवाश्म सापडतात. आपल्या काळ्या बेसाल्ट खडकाचा लाव्हा बाहेर पडण्यापूर्वी समुद्राचा एक फाटा तेथवर आला होता. समुद्र आपल्यापासून दूर आहे हे अंतरात खरे. भूगोलात आणि काळात तितकेसे खरे नाही.

११. शिक्षकांनी घ्यावयाची दक्षता

पाठ ऐकल्यावर मुले नॅटिकेला 'दुष्ट' म्हणतील. या शब्दाला शिक्षकाने दुजोरा देऊ नये. नॅटिका पोट भरते. ती कोणावर सूड उगवत नाही. तिलाही खेकडे, मासे व पक्षी खातात आणि तिच्या रिकाम्या शंखात संन्यासी खेकडा बिऱ्हाड करतो. ती शिंपले खाते म्हणून वाळूत एकाच जातीची बेसुमार गर्दी होत नाही. किनाऱ्यावर फुटलेल्या मडक्याच्या गळ्यासारखे वाळूचे कडे दिसते. ते नॅटिकेने वाळूचे कण चिकट द्रवात गुंफून केलेले असते आणि त्यात तिची अंडी सुरक्षित असतात. शिकार करणारा प्राणी संततीची अशी तजवीजही करतो, हे मुलांनी जाणावे. म्हण माणसांसाठी आहे. प्राण्याचा न्याय म्हणीवरून करू नये.

संग्रहासाठी केवळ रिकामी शिंपले, तीही मोजकीच घ्यावीत. रिकाम्या शंखांची खेकड्यांना गरज असते. काही जातींच्या शंखशिंपल्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली संरक्षण आहे; जिवंत प्राणी मारून संग्रह करणे शाळेला शोभत नाही.

मुलाने विचारलेल्या एखाद्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकास ठाऊक नसेल, तर तसे मोकळेपणाने सांगून प्रश्न वहीत लिहून घ्यावा. भिंगातून पाहून ठरवण्याची सवय ज्या वर्गाला लागली, त्या वर्गात अशाने शिक्षकाचा मान कमी होत नाही.

१२. फलकलेखन

गोगलगाय : उदरपाद प्राणी, जीभ कानशीसारखी.
नदीतील गोगलगाय : शेवाळ खाते.
नॅटिका : वाळूत राहते; शिंपले खाते; द्रव व जीभ यांनी आळीपाळीने भोक पाडते.
भोक : गोल, बाहेर रुंद, आत अरुंद, सहसा एकच.

१३. स्वाध्याय

(१) माणसाने, लाटांनी, स्पंजाने आणि नॅटिकेने पाडलेल्या भोकांची आकृती काढून प्रत्येकाची एकेक खूण लिहा.
(२) १.५ मिलिमीटर जाडीच्या कवचाला ताशी ०.०२ मिलिमीटर या गतीने भोक पाडण्यास किती तास लागतील?
(३) एका जातीच्या ४८ झडपांपैकी ६ झडपांना भोक आहे. शेकडा किती प्राणी नॅटिकेने खाल्ले असावेत? रीत स्पष्ट करा.
(४) घरातील किंवा गावातील कवडी, शंख व शिंपले यांची यादी करा. प्रत्येक वस्तू कोठून आली व कोणी आणली, हे घरातील वडील माणसांस विचारून लिहा.
(५) वाघूर नदीतील एका गोगलगायीचे सलग तीन दिवस निरीक्षण करून ती काय खाते याची नोंद ठेवा.

चौथ्या स्वाध्यायाची उत्तरे शाळेत जपून ठेवावीत. दोनतीन वर्षांत त्यांतून शाळेचा लहानसा संग्रह उभा राहतो आणि पुढील वर्गांना हा पाठ घेण्यास कोकणातून पार्सल येण्याची वाट पाहावी लागत नाही. पाठ यशस्वी झाला की नाही, हे पाहण्याची कसोटी सोपी आहे. सुटीनंतर एखादा मुलगा किंवा मुलगी शिंपले घेऊन येऊन 'हे भोक नॅटिकेचे नाही, कारण याची कड सरळ आहे' असे स्वतःहून सांगू लागली, म्हणजे शिक्षकाचे श्रम सार्थकी लागले असे समजावे.